धुरामागे धावणाऱ्या सुमनबाई

सुमनबाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. झोळीतला पोरगा पाय झाडत खिदळत होता आणि काटा काही केल्या थांबत नव्हता. दारात बाईंचा धाकटा भाऊ येऊन उभा राहिला. "आक्का गेली गो," एवढंच म्हणाला. सकाळचा चहा घेऊन परसात अबोलीला पाणी घालत होत्या, जरा दम खायला पायरीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत... महिना उलटला. आठवणी लिहायला बसले की रडू यायच्या ऐवजी हसू येतं, त्याला माझा इलाज नाही. बाई होत्याच तशा.

शिरोड्याजवळच्या आमच्या गावात त्या आयुष्यभर अंगणवाडी सेविका आणि मी शेवटची नऊ वर्षं त्यांची मदतनीस. खिचडी मी शिजवायची, मीठ त्यांनी बघायचं, आणि मीठ बघता बघता त्यांची एक वाटी संपायची. फुगडी घालायला लागल्या की पोरं दमायची, बाई नाही. पण त्याच काळात आमच्या पोरांचा दम कमी व्हायला लागला होता, आणि ते आधी दिसलं ते बाईंना.

गावात पर्यटक वाढले, घरोघरी खोल्या भाड्याने द्यायला लागले, तसा कचराही वाढला. बाटल्या, वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोल, तुटकी जाळी... सगळं कचऱ्याच्या गाडीतून येऊन अंगणवाडीमागच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, पडायचं आणि सकाळी पेटवलं जायचं. दहाच्या सुमाराला खारा वारा सुटला की तो काळा धूर सरळ आमच्या खिडकीतून आत. पोरं खोकायची. शेजारच्या घरात भिकूआजो, ऐंशीच्या घरातला, भजनाचा खडा आवाज असलेला माणूस, त्याला अभंगाची एक ओळ पुरी करता येईना. "म्हातारपण," लोक म्हणायचे. "सर्दी," आया म्हणायच्या. मग एकदा कचऱ्याची गाडी आठ दिवस बंद पडली आणि आमच्या खोलीतला खोकलाही बंद पडला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "समजला मां गो तुका?"

गाडी दुरुस्त झाली आणि त्याच आठवड्यात तीन वर्षांच्या चैतूला श्वास लागला. ओठ निळसर पडले. बाईंनी तिला कडेवर घेऊन रिक्षा गाठली आणि सावंतवाडीला नेलं. दोन दिवस त्या तिच्या उशाशी बसून होत्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं, की लहान मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. म्हाताऱ्यांची थकलेली असतात. म्हणून धूर सगळ्यांना लागला तरी या दोघांना आधी आणि जास्त लागतो. चैतू बरी होऊन आली, पण बाई दोन दिवस खाजणात जाऊन जळका कचरा उलथून बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या सरपंचांकडे गेल्या. "सरपंचांनू, ह्या म्हयन्याची ग्रामसभा आमच्या अंगणवाडीत घेवया. सकाळी धा वाजता."

"थंय माणसां मावतली काय, बाई?"

"पोरां मावतत, तुमी पण मावतल्यात."

सभा भरली. मोठमोठी माणसं पोरांच्या चटयांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. भिकूआजो भिंतीला टेकून. इतिवृत्त वाचून होईतो खारा वारा सुटला आणि धूर आत आला. सरपंचांचे डोळे वाहायला लागले. "बाई, खिडकी बंद करा!" बाई शांतपणे म्हणाल्या, "बंद केली तर उकडता. पोरां रोज हयच बसतत." एक सदस्य तोंडाला रुमाल लावून उठला, तर बाई दारात आडव्या. "बसा. खिचडी खाल्ल्याशिवाय आमी कोणाक सोडणव नाय." कुणीतरी हसलं, मग खोकत खोकत सगळेच हसले. पण नंतर बाईंनी खाजणातून उचलून आणलेली एक अर्धवट जळलेली पिशवी सभेपुढे ठेवली, तेव्हा हसू थांबलं. तिच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाच्या लॉजचं नाव होतं. "ह्यो आमच्या घरचो कचरो. आधी आमी सुधारतलव," त्या म्हणाल्या. भाऊ खाली मान घालून निघून गेला.

जाळणं त्याच आठवड्यात थांबलं. कचरा वेगळा करायची सवय लागायला मात्र वर्ष गेलं. भाऊ चार महिने बोलला नाही. भाऊबीजेला आला तो पाटावर बसता बसता म्हणाला, "आक्का, माझ्याकडची बाटली आता एक पण जळणा नाय." बाईंनी त्याला ओवाळलं आणि मग डोळे पुसले. अधूनमधून कुणी गुपचूप प्लास्टिक पेटवायचं. कुठे धूर दिसला की बाई पाण्याची बालदी घेऊन निघायच्या. एकदा त्यांनी सरळ एका म्हातारीच्या न्हाणीच्या चुलीवर पाणी ओतलं. "अगो बाये, आंघोळीचा पाणी तापवतंय मी!" म्हातारी ओरडली. बाई ओशाळल्या, मग स्वतःच लाकडं रचून फुंकर घालत बसल्या, आणि धुराने आपणच खोकल्या. ही गोष्ट त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या.

त्या निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जागी मी सेविका आहे. अंगणवाडी सुटताना त्यांनी लावलेली एक सवय मी मोडलेली नाही. घरी जाण्याआधी प्रत्येक पोराने पायरीवर उभं राहायचं, छाती भरून हवा घ्यायची आणि आपलं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव एका श्वासात शेजारच्या घरापर्यंत पोचेल असं ओरडायचं. कुणाचा श्वास मध्येच तुटला की त्याच्या आईला मी थांबवून घेते. काल सगळ्यांत छोटी पोर, जेमतेम अडीच वर्षांची, पहिल्यांदाच पायरीवर चढली. गाल फुगवले, डोळे मिटले, आणि वाडीच्या नावापर्यंत एका दमात पोचली... पलीकडच्या ओटीवरून भिकूआजोचा खडा आवाज आला,

"आयकलंय गो, चेडवा!"