मावशीची पांढरी जाळी

माझी मावशी एका बैठकीत पुरं न होणारं काम हातात धरायची नाही. कुणी स्वेटर किंवा चादर विणायला सांगितली की म्हणायची, "येवढं मोठं मांडून मी मेले तं पुरं कोन करन? तू?" तळहाताएवढी जाळी, तांब्यावर टाकायचा रुमाल, बाळाचं टोपडं, एवढाच तिचा पसारा. राजूरच्या आमच्या वस्तीत तिला लहानथोर सगळे जाळीवाली मावशीच म्हणत.

तिचा नवरा खाणीत कामाला होता, तो तरणाच गेला. तेव्हापासून ती पांढरं लुगडं नेसायची आणि एका साहेबाच्या बंगल्यावर धुणी-भांडी करायची. साहेबाची बाई विणायची, ते पाहून पाहून ही शिकली. सुया म्हणजे सायकलच्या चाकाच्या तारा, दगडावर घासून टोक काढलेल्या. दोरा म्हणजे बंगल्यात उरलेला, टाकून द्यायचा.

दोरा थोडा, म्हणून तिनं एक रीत धरली होती. आधी त्याच दोऱ्याच्या दोन्ही टोकांकडून दोन सारखे गोळे करायचे आणि दोन्ही हातांत तोलून पाहायचे. मग एका टाक्यापासून सुरुवात. टाके वाढवत, मधे भोकं पाडत जायचं. पहिला गोळा संपला की तिथून टाके कमी करत पुन्हा एकावर यायचं. जाळी लहान होईल, पण अर्धवट राहणार नाही. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आजही कुणाला समजावून सांगीन.

माझं लग्न मुकुटबनला ठरलं तेव्हा आम्ही बुद्ध धम्माची दीक्षा घेऊन थोडीच वर्षं झाली होती. जुने देव गेले, तशी लग्नातली हळदही बंद झाली. नवरीनं पांढरं लुगडं नेसायचं असं वस्तीनं ठरवलं. नवरीही तयार होती. पण आदल्या दिवशी दुपारी आमच्या बैलगाड्या पोचल्या, तर नवरीची आई, माझ्या सासूबाई, दारातच रडत बसलेल्या.

"माह्या जितेपनी पोरीले रांडव बाईवानी उभी करता का? मी मांडवात येत नाही. पोरगीबी धाडत नाही."

मी म्हटलं, "पांढरं नाही तं लगीन नाही." मी मागं हटणारा माणूस नव्हतो, आजही नाही. माझा बाप गाडी जुंपायला उठला.

तेवढ्यात मावशी पुढं झाली. तिचंच लुगडं पांढरं, त्यामुळं सगळ्यांनी तिला वाट दिली. तिनं सासूबाईंजवळ बसकण मारली आणि म्हणाली, "बाई, मले पांढरं लोकायनं नेसवलं. तुही पोरगी आपल्या मनानं नेसून राह्यली. ह्यात काई फरक हाय का नाही?"

सासूबाईंचं रडणं थांबलं. मावशीनं कनवटीतून पांढऱ्या दोऱ्याचा गोळा काढला. "पोरीच्या डोक्यावर अशी जाळी करते, कोनी रांडव म्हननार नाही." गोळा सुपात ठेवून ती हातपाय धुवायला गेली. परत येऊन पाहते तर गोळा पिवळा जर्द. लग्नघरात कोरा दोरा दिसला आणि सासूबाईंच्या हातांनी सवयीनं त्याला हळद लावली होती.

"हात जळो व माय माहे!" सासूबाई कपाळ धरून बसल्या. दुसरा दोरा नव्हता.

मावशीनं दोरा सोडवून त्याला साबण लावला, तर तो पिवळ्याचा लाल झाला. ती हसायला लागली. "घ्या! हळद झाली, आता कुंकूबी लागलं. तुमचे देव काई पिच्छा सोडत नाहीत, विहीनबाई." सासूबाईंनाही हसू फुटलं. मग दोघींनी मिळून दोरा भरपूर पाण्यात खंगाळला आणि कौलांवर वैशाखाच्या उन्हात पसरला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. ऊन कललं तोवर दोरा पांढरा झाला होता. एका टोकाचा रंग काही हटेना, तेवढा मावशीनं तोडून टाकला. उरलेल्याचे दोन गोळे केले आणि दिवे लागायच्या आत जाळी उतरवली. ओली करून गोधडीवर बाभळीच्या काट्यांनी ताणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नवरी मांडवात आली. मावशी विधवांच्या जुन्या सवयीनं पार मागं, चुलीपाशी जाऊन बसली होती. सासूबाई जाळी घेऊन तिथं गेल्या.

"तुमी ठेवा पोरीच्या डोक्यावर."

"मी कायले? तू माय हायस तिची."

"काल मले शिकवत होत्या नं? मंग आज तुमीच मांगं काहून सरता? उठा!"

हाताला धरून त्यांनी तिला सगळ्या लोकांमधून पुढं आणलं. मावशीनं जाळी ठेवली.

पुढं सासूबाई राजूरला आल्या की पहिला चहा मावशीकडं घ्यायच्या, मग आमच्याकडं यायच्या. मला त्याचा राग यायचा, जावई मी होतो. मावशी गेली त्या साली त्या आल्या आणि तिच्या बंद दारापुढं बसून राहिल्या. मी बोलवायला गेलो.

"बसू द्या जवाईबापू," त्या म्हणाल्या. "येते मी थोड्या वेळानं."

मीही मग तिथंच, त्यांच्या बाजूला बसलो.