नळी जपली, ऊस पेटवला

पत्रक मीच लिहिलं होतं. मथळाही माझाच: मारायचंच असेल तर एका गोळीत मारा. खाली ठळक अक्षरांत, बाराबोरीच्या छऱ्यांनी रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं, उसात शिरतं आणि तिथं कुजत पडतं. हा क्रूरपणा थांबवा. सोलापुरात प्राण्यांसाठी काम करणारी आमची मूठभर पोरापोरींची संघटना आहे, तिच्या नावानं ते छापलं आणि करकंबच्या बाजारात मी स्वतः वाटलं. भाजीच्या पाट्यांवर ठेवलं, उभ्या एसटीच्या खिडकीतून आत सरकवलं. नको म्हणणाऱ्यांच्या खिशात कोंबलं.

करकंब आत्याचं गाव. तिच्याच उसात डुकरं शिरली होती. रोज सकाळी बांधाकडेच्या दोन-चार सऱ्या आडव्या झालेल्या दिसायच्या, कांडी चावून चोथा केलेला. आत्याचे धाकटे दीर, ज्यांना मी मामा म्हणते, त्यांच्याकडे जुनी बाराबोरी बंदूक आहे, परवान्याची. आत्याचं म्हणणं सरळ होतं. रीतसर अर्ज करायचा, मामा बांधावर बसतील, जवळ आलं की बार काढतील.

मी म्हटलं, "नाही. माझ्याच घरात हे होऊ देणार नाही."

मामा हसले. "व्हय गं बाय, मग डुकराला नोटीस धाडू का?"

मी वनखात्याच्या कचेरीत खेटे घातले, पत्रक दाखवलं, भांडले. परवानगी निघाली आणि तिच्यात माझ्या मनासारखी अट आली: कुशल नेमबाज, रायफलनेच. मी ते कागद फडकवत आत्याकडे गेले होते. त्या दिवशीचा माझा चेहरा मला आठवतो, आणि आता नको वाटतं.

नेमबाज मीच शोधला. सोलापुरातले एक मोठे गृहस्थ, शौकीन. त्यांची रायफल दुकानात मिळते तसली नाही. नळी परदेशातून मागवलेली, दस्ता त्यांच्या खांद्याच्या मापानं घडवलेला. मॅग्नम. म्हणजे काय, ते त्यांनी जीपमध्ये करकंबपर्यंत मला समजावलं. काडतूस मोठं, त्यात दारू जास्त, गोळीचा वेग जास्त. पण तोच जाळ प्रत्येक बाराला नळीचा गळा आतून थोडा थोडा खातो. ठरावीक बार झाले की नळी गेली. रायफल दिसायला तशीच, पण नेम राहत नाही.

"म्हणून मी एकेक बार मोजून खर्च करतो," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आफ्रिकेला शिकारीला जायचंय. नळीचं आयुष्य तिथं लागणार."

मला हे फार आवडलं. एकही गोळी वाया न घालवणारा माणूस! माझ्या पत्रकातून उठून आल्यासारखा. त्यांनी काडतुसंही दाखवली. एक जात मऊ टोकाची, अंगात शिरली की फुलते आणि जनावर जागच्या जागी बसवते. दुसरी टणक, मोठ्या जाड कातडीच्या जनावरांसाठी, आरपार जाणारी. मऊ टोकाची थोडीच उरली होती. ती आफ्रिकेसाठी बाजूला. टणक खूप दिवस पडून होती. "ही इथं संपवू," ते म्हणाले.

मी ऐकलं. डुकराला कुठली लागते हे त्यांनीच आधीच्या वाक्यात सांगितलं होतं. मी मान डोलावली.

दुपार कलताना आम्ही पोचलो. त्यांनी बांधावर उभ्या केलेल्या ट्रॉलीत बैठक मांडली. आत्यानं चहा आणला आणि विचारलं, "सायेब, एकदा निशाना लावून बगनार न्हाय? मोकळं रान हाय तिकडं."

"मावशी, ही नळी कागदावर जाळायला नाही."

"आमी कोयता बी आदी कांडक्यावर चालवून बगतो की," आत्या म्हणाली.

मी तिला डोळ्यांनी दटावलं. रायफलवरची दुर्बीण मऊ गोळीच्या नेमावर बसवलेली होती, टणक गोळी वजनानं वेगळी, ती वेगळ्या जागी लागणार. हे मला नंतर कळलं. त्यांना तर आधीपासून ठाऊक असणार. पण तपासायचं म्हणजे दोन-तीन बार खर्च!

ऊन उतरल्यावर डुकरं उसातून निघाली आणि पलीकडच्या मक्याकडे चालली. साहेबांनी बार काढला. छाती हादरली माझी, एवढा आवाज. मधलं मोठं डुक्कर मागच्या पायांवर बसलं. मग उठलं, वळलं आणि मागचं अंग ओढत पुन्हा आत्याच्या उसात शिरलं.

"मारा की दुसरी!" मामा ओरडले.

"हलत्या जनावरावर मी बार घालवत नाही. लागलंय ते. सकाळपर्यंत जीव जाईल."

मग त्यांनी रायफल खोलली, नळीत डोळा लावून बघितलं, तेलाचं फडकं फिरवलं. नळी गरम आहे तोवर साफ केलेली बरी, म्हणाले. बाळाचं अंग पुसावं तसे पुसत होते. आणि जीप घेऊन गेले. मी आत्याकडेच राहिले. पाचटावर रक्त पडलं होतं, लांबवर, आत जाणारं.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या उसाची तोड होती. कारखान्याची पाळी ठरलेली, ती कुणासाठी थांबत नाही. सकाळीच टोळी आली, बैलगाड्या सुटल्या, बाया पदर खोचून सऱ्यांकडे निघाल्या. आत्या गप्प राहू शकली असती. तिनं मुकादमाला बोलावलं आणि रक्त दाखवलं.

"जखमी हाय आन आतच हाय. सांगितलेलं बरं."

मुकादमानं हातातला कोयता खाली टेकवला. "मावशी, मी माजी मानसं डुकराच्या तोंडी देत न्हाय."

टोळीतली एक बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या कडेवर पोर होतं. "ह्या ताईंनीच आनला व्हता न्हवं त्यो बंदूकवाला? मग ताई, तुमीच व्हा की म्होरं. आमी येतो मागनं."

कुणी हसलं नाही. मीही पाऊल उचललं नाही.

मी साहेबांना फोन लावला. "उसात?" ते म्हणाले. "त्या दाटीत दुर्बिणीतून काय दिसणार? आणि टणक गोळी आरपार जाऊन कुणालाही लागेल. ही रायफल त्या कामाची नाही हो." मग कुठल्या कामाची? हे मी फोन ठेवल्यावर विचारलं, मोठ्यानं, बांधाला.

राहिले मामा. त्यांच्याकडे वळले तर ते रागावलेसुद्धा नाहीत. "मी ग्येलो आसतो बाय. पन परवानगी रायफलचीच हाय. तुजाच कागद. बार काडला तर आत मी जानार, डुक्कर न्हाय."

मुकादम शेवटी म्हणाला, "पेटवा. जळला की शिरतो आमी."

उसाला आग लावून तोडणं आमच्याकडे नवं नाही. पाचट जळतं, वाट होते, साप-विंचू निघून जातात. पण जळीत उसाला कारखाना कपात लावतो, आणि आत्यानं आजवर कधी जळीत ऊस घातला नव्हता, याचा तिला तोरा होता. ती घरात गेली आणि काडेपेटी घेऊन आली. मी हात पुढे केला. तिनं दिली नाही.

तीन बाजूंनी पेटवला. एक बाजू मोकळी सोडली, जनावराला निघून जायला. त्या बाजूनं ससा गेला, मुंगूस गेलं. ते आलं नाही. जळताना उसाची कांडी फटाफट फुटतात, बार उडाल्यासारखी. मी त्या आवाजात दुसरा आवाज शोधत होते आणि तो ऐकू येऊ नये म्हणून पदराचा बोळा कानाशी धरला होता. दोन्ही केलं मी.

धग उतरल्यावर मामांनी ते सरीतून ओढून बाहेर काढलं. कडेवर पोर असलेली तीच बाई माझ्याजवळ आली. "रातच्यालाच मेलं आसंल ताई," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून. पण पाय दुमडलेले होते, तोंड मोकळ्या बाजूकडे होतं आणि मागं राखेत सरपटल्याचा पट्टा होता.

मागच्या फऱ्यात एक भोक, पलीकडून तसंच दुसरं. दाभणानं पाडल्यासारखं, छोटं आणि नीट.

मी फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. शब्द एकही लिहिला नाही. वाटलं, बघू दे. लाज वाटू दे.

उत्तर लगेच आलं. वर केलेला अंगठा आणि खाली: वा! एका गोळीत! तुमच्या पत्रकाप्रमाणेच.

आत्यानं विचारलं, "कुनाचा गं?"

"साहेबांचा."

"काय म्हनत्यात?"

मी वाचून दाखवलं. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. तिनं पदरानं तोंडावरची काजळी पुसली, ती आणखी पसरली.

"खरंच की," ती म्हणाली. "गोळी येकच हुती."

आणि टोळीला चहा टाकायला आत गेली.