काशीबाईने नाकारलेला कोयता

अभयारण्याच्या कडेला, तळ्याकाठच्या पर्यटक निवासात काशीबाई स्वयंपाक करते. तिचा नवरा लवू पाहुण्यांना गवे दाखवायला नेई. दोन वर्षांपूर्वी मागे राहिलेल्या एका पाहुण्याला शोधायला तो पुन्हा रानात शिरला. पाहुणा दुसऱ्या वाटेने सुखरूप परतला, लवू आला नाही. लवू गेला असे मानून, देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असे दीर सारखे म्हणतो. काशीबाई मंगळसूत्र उतरवायला तयार नाही.

११ मार्चला मी तिथे जेवत असताना वनरक्षक एक गंजलेला कोयता घेऊन आला. तो रानातल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सापडला होता.

"बघ गो काशीबाय, लवूचो काय? तसा असात तर उद्या माणसां लावून सगळो व्हाळ शोधूया."

मुठीला गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेवरून तिचा अंगठा फिरला.

"नाय. तेंचो नाय."

वनरक्षक निघाला. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकी, तार माझ्याच हातची आसा. पण हाडां गावली काय सगळा संपला."

वनरक्षक अजून फाटकापाशीच होता.

"हाक मार त्याला," मी म्हटले.

तिने माझ्या ताटात भात वाढला.