विचारायचं राहिलेलं नाव

सत्तावीस वर्षं ओळखीच्या माणसाचं नाव मला आज सकाळी कळलं.

दौंडच्या चौकात. त्याच्याच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर.

शाळेच्या कामासाठी पहिल्या एसटीनं दौंडला गेलो होतो. चहा पिता पिता सहज वर बघितलं, तर तो हसत होता.
फोटोखाली लिहिलं होतं, मधुकर सोनवणे. पुण्यानुमोदन कार्यक्रम आज अकरा वाजता, राहत्या घरी.

चहा तसाच ठेवून उठलो.

विद्यापीठात प्रवेशाच्या रांगेत तो माझ्यापुढे उभा होता. मी तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वाडीतला. गळ्यात माळ, कपाळाला अष्टगंध, हातात सर्टिफिकेटांची पिशवी. तो दौंडच्या रेल्वे कॉलनीतला.
दोन तास गप्पा मारल्या. त्यानं नाव सांगितलं असणार. मीही सांगितलं. पण खिडकीवरचा क्लार्क कुठला कागद कमी काढतोय, या धास्तीत माझ्या डोक्यात काही राहिलं नाही.

आठवड्यानं तो समोरून आला आणि मला घाम फुटला.

गावात असं होत नाही. माणूस माहीत नसला तर "कुठलं गाव, पाव्हणं?" असं तोंडावर विचारतात. कुणाला राग येत नाही.
विद्यापीठात मात्र अर्धवट ओळखीचं कुणी दिसलं, की सगळे नोटीस बोर्ड वाचायला लागायचे. नाहीतर घड्याळ बघायचे.
मीही शिकलो. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, तरी मनगट बघायचो.

त्यात याचं नाव आठवेना, आडनाव आठवेना. राम राम घालावा, नमस्कार म्हणावं, की बाकीची पोरं म्हणतात तसं हाय?

मी मनगट वर केलं, तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून हाळी आली.

"काय माऊली!"

आख्खा रस्ता वळून बघायला लागला.

माझ्या तोंडून निघालं, "बोला पाव्हणं!"

झालं. दोन वर्षं तेवढ्यावर निघाली. तो भूगोलाचा, मी इतिहासाचा. पण रोज कुठून तरी हाक यायची. त्या एवढ्या मोठ्या आवारात कुणीतरी आपल्याला लांबून ओळखतं, याचा मला केवढा आधार होता, हे तेव्हा कळलं नाही.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. माझे दोन पेपर राहिले. मी पत्र्याची पेटी भरली आणि गेटकडे निघालो. तो वडापाव खात उभा होता.

"काय माऊली, पेटी घेऊन कुठं?"

"गावाला. झालं आपलं शिक्षण."

"किती उडालं?"

"दोन."

"दोनच? माझं तीन उडाल्यात, आन् मी मान वर करून वडापाव खातोय. ठेवा ती पेटी खाली."

मी ठेवली. त्यानं ती स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि परत होस्टेलच्या खोलीत नेऊन आदळली. पुढे परीक्षेपर्यंत रोज सकाळी दारावर थाप.
"उठा माऊली, लायब्ररी."

आम्ही दोघंही सुटलो.

आता सांगा, ज्यानं आपली पेटी खांद्यावर वाहिली, त्याला "तुमचं नाव काय हो?" असं कसं विचारायचं?

तो रेल्वेत लागला, मी शाळेत. मास्तर म्हणून पहिल्यांदा वर्गात उभा राहिलो, त्या दिवशी ठरवलं की एकदा याचं नाव घेऊन आभार मानायचे. नुसतं पाव्हणं म्हणून नाही.
वर्षातून एखाद्या वेळी दौंड स्टेशनवर भेट व्हायची. "काय माऊली!" "बोला पाव्हणं!" चहा व्हायचा, मुलाबाळांची चौकशी व्हायची. आणि दरवेळी माझी जीभ अडायची.

मोबाईल आले तेव्हा तर मी घाबरलोच. नंबर घ्यायचा म्हणजे पुढे नाव टाकावं लागणार. बोलणं तिकडं वळलं, की मी गाडीचा टाईम विचारायचो. त्यानंही कधी आग्रह धरला नाही.

आज अकरा वाजता त्याच्या घरी पोचलो. बुद्धवंदना चालू होती. मागं बसून हात जोडले. माझ्या मनात विठ्ठलाचं नाव होतं. तिथं ते मला परकं वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्याच्या पत्नी पुढे आल्या. पांढरी साडी, रडून सुजलेले डोळे.

"आपण कुठनं आलात?"

"तळेगाव ढमढेऱ्याकडनं, वहिनी. विद्यापीठात बरोबर होतो."

त्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं.
"माऊली का तुम्ही?"

मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, लाज वाटती सांगायला. मला यांचं नाव आज सकाळी कळलं."

त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी चालूच.

"अवो, त्यांना तरी तुमचं कुठं म्हाईत व्हतं? मी म्हणायचे, सरळ विचारा की एकदा. तर म्हणायचे, आता कुठल्या तोंडानं विचारू? माऊलीला माझं नाव पाठ आसंल. त्याला काय वाटंल?"

बाजूच्या बायकाही हसल्या आणि रडल्या.

मी फोटोसमोर जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं मनात ठरवलेलं मोठ्यानं बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मधुकर सोनवणे, त्या दिवशी तुम्ही माझी पेटी माघारी नेली म्हणून मी मास्तर झालो. तुमचे लई उपकार आहेत. आता निवांत जा."

आणि मग पाव्हण्यांना माझं नाव सांगितलं.