कांद्याच्या चाळीतला डेलिया

डेलियाच्या बादलीतलं पाणी रोज बदललं नाही तर मेलेल्या उंदरासारखा वास सुटतो. फुलांचं कौतुक करणाऱ्यांना हे माहीत नसतं. मी ओतूरजवळच्या आमच्या शेतात बरीच वर्षं काळा डेलिया केला, म्हणून सांगते.

काळा म्हणजे पिकल्या करवंदासारखा. त्याचे गड्डे मला आईने दिले, तिला तिच्या आईने. तसा रंग आमच्या भागात दुसरीकडे नव्हता. देवाला चालत नाही, वेणीत कोणी माळत नाही, म्हणून बायका नाक मुरडायच्या. पण नव्वदनंतर पुण्याचे गुच्छवाले तेच मागू लागले. तोडलेली कळी पुढे उमलत नाही, म्हणून पूर्ण उमललेलं फूल पहाटे कापायचं आणि पहिल्या एसटीने पाठवायचं.

पाला वाळला की गड्डे खणून मी पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवी. एका उन्हाळ्यात भाचीच्या बाळंतपणाला राजुरीला गेले. इकडे भावकीत लग्न निघालं, मांडवात पाण्याला डबे कमी पडले. आमच्या मालकांनी वाळू अंगणात ओतली, डबे दिले आणि गड्डे कांदा साठवायच्या चाळीत कांद्यावर पसरले.

मी परत आले तोवर वळीव दोनदा आत शिरला होता. वास रस्त्यावरच आला.

"गड्डे कुठं ठेवले?"

"चाळीत. तिथं हवा लागती. कांदा टिकतो, मंग तुजं टिकनार न्हाई व्हय?"

कांदाही टिकला नव्हता. खालून काळं पाणी गळत होतं, वर अळ्या वळवळत होत्या. धाकटी जाऊ नाकाला पदर लावून म्हणाली, "बाई, उकिरड्यात टाका सगळं."

"हा उकिरडाच आहे," म्हटलं, आणि कोपरापर्यंत हात घातले.

गड्डा हातात धरला की दह्यासारखा फुटायचा. टणक मिळाले त्यांतल्या बऱ्याच गड्ड्यांची मान मोडलेली. कोंब मानेला फुटतो. नुसता गड्डा पुरून उपयोग नसतो.

मालक लांबूनच म्हणाले, "आगं, लोकं बघत्यात."

"बोलवा त्यांना. कांदा निवडायला माणसं लागतीलच."

मानेसकट असे दोनच निघाले. राखेने, मातीने हात घासले, वास जाईना. त्याच हातांनी भाकरी थापली. मालकांनी ताट सरकवलं. "लई घाण येती."

"तुमच्याच चाळीतली आहे. जेवा, नाहीतर उठा."

जेवले.

आषाढात त्यांतला एक फुटला, दुसरा मातीतच गेला. त्या एकाची फुलं आली तेव्हा मालक पाव्हण्यांना सांगत होते, "जुना वान हाय. आमी टिकवला."

मी पाला वाळल्यावर डबा भरला आणि त्यांच्या खाटेखाली, उशाकडे ठेवला. पुढे लग्नं पुष्कळ झाली, त्या डब्याला कोणी हात लावला नाही.