चोरलेला आलेख

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला होते. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला दोघांत एक बेडूक मिळे. माझा जोडीदार इतवारीतल्या कापडवाल्याचा मुलगा. बेडकाला तो बोटही लावत नसे. पायाचा स्नायू त्याच्या नसेसकट मीच सोडवून काढायची. नसेला शॉक दिला की स्नायू आखडे आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर पांढरी रेघ उमटे.

एके दिवशी माझा आलेख असा सुरेख आला की मी स्वतःच बघत राहिले. हात धुऊन परतले, तर त्याने काजळीत टाचणीने आपला रोल नंबर कोरून कागद व्हार्निशमध्ये बुडवून पक्काही केला होता. सरांनी तो फळ्याशेजारी लावला. ‘सर, हा माझा आहे,’ मी म्हणाले.

‘मग तुझा नंबर कुठे आहे?’ सर म्हणाले. सगळा वर्ग हसला.

बाहेर तो मला म्हणाला, ‘अवं, एका कागदासाठी काहून रडून राहिली?’

मी डोळे पुसले. याचा बदला घ्यायचाच, हे तेव्हाच ठरवलं. पुढचे सगळे महिने बेडूक मी सोलले, पण त्याला एक अक्षर समजावून सांगितलं नाही.

वार्षिक परीक्षेत तो माझ्या शेजारच्या टेबलावर आला. त्याचा स्नायू हलेना. मला लांबूनच दिसलं, नस वाळली होती. वेळेत सलाइनचे चार थेंब टाकले असते तर ती वाचली असती.

‘काहून नाही हलून राहिला वं?’ तो कुजबुजला.

‘करंट वाढव,’ मी म्हणाले.

तो वाढवत गेला आणि नस आणखी वाळत गेली. बाहेरचे परीक्षक येऊन उभे राहिले.

‘नसेतला संदेश स्नायूत जातो कसा?’

‘सर, करंट सरळ आत जातो. तारेसारखा.’

परीक्षकांनी तोच प्रश्न मला विचारला. मी त्याच्याकडे बघत, सावकाश उत्तर दिलं. नस स्नायूला जोडलेली नसते, मधे बारीक फट असते. तिच्या टोकातून एक रसायन सुटतं, त्याने स्नायूच्या पेशीवर विजेची नवी लहर उठते. ती आत शिरली की पेशीतल्या पिशव्या कॅल्शियम सोडतात. मग बारीक तंतू जाड तंतूंवरून सरकतात. तंतू तेवढेच राहतात, स्नायू मात्र आखूड होतो. कॅल्शियम पिशव्यांत परत गेलं की तो सैल पडतो. एकेका वाक्याबरोबर त्याचा चेहरा उतरत होता, म्हणून परीक्षकांनी विचारलं नव्हतं तेही मी सांगितलं.

तो नापास झाला. निकालाच्या दिवशी फाटकाशी त्याने मला अडवलं. ‘तुले माहीत होतं ना, नस वाळली म्हणून?’

‘होतं,’ मी म्हणाले आणि कोराडीच्या बसकडे चालू लागले. बाबा तिथल्या पॉवर हाऊसवरच्या ड्यूटीवरून यायच्या आत घरी पोचून पास झाल्याचे पेढे आणायचे होते. त्या दिवशीइतके गोड पेढे मी नंतर कधी खाल्ले नाहीत.