महिलांची मिटिंग चालू हाय

सेमिनारसाठी मला विषय मिळाला, प्राचीन समाजांतलं स्त्रियांचं स्थान. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बारामतीत वर्गासमोर बोलायची धास्ती होती, म्हणून लासुर्ण्याला घरी आल्यावर आधी आई-आप्पांना वाचून दाखवलं. सत्ता सगळीकडे पुरुषांचीच, पण फरक होता. इजिप्तमध्ये बाईला जमीन घेता-विकता यायची, न्याय मागायला जाता यायचं. अथेन्समध्ये मात्र पुरुष पालकाशिवाय तिला मोठा व्यवहार करता येत नसे, आणि सभेत तर तिला जागाच नव्हती.

आप्पा खूश झाले. "म्हंजी आपण इजिप्त. तुझी आई चेअरमन हाय."

हे खरं होतं. आई आमच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. सगळ्या संचालकही बायकाच. मिटिंगला मात्र त्यांचे नवरे जातात. 'चेअरमन आले' असं कुणी म्हटलं की आप्पा आत येतात.

"सकाळी दूध घ्यायची वेळ अर्धा तास पुढं न्या, म्हणून कितींदा सांगितलं?" आई म्हणाली. "धारा, भाकरी, डबे, समदं एकदमच येतं. काढता का कधी इषय?"

"राहून जातं," आप्पा म्हणाले.

पुढच्या मिटिंगला आई स्वतःच निघाली. मी सोबत होते. दारात शेजारच्या तात्यांनी हात आडवा केला.

"वैनी, जरा भायेर थांबा. महिलांची मिटिंग चालू हाय."

ते चेष्टा करत नव्हते. आत सगळे पुरुष, मधल्या खुर्चीत आप्पा. मी चाचरत म्हणाले, "तात्या, हे अथेन्ससारखं होतंय."

"तितं बी महिला संस्था हाय?"

"न्हाय. तितं बायकांना सभेत येता येत नव्हतं."

"मंग दुधाचं कोण बघायचं?" त्यांनी मनापासून विचारलं.

हे माझ्या वाचनात आलं नव्हतं. मी त्यांना स्पार्टाचं सांगू लागले, तिथल्या बायकांच्या नावावर जमिनी असायच्या वगैरे. तेवढ्यात आई आत गेलीसुद्धा.

"उठा," ती आप्पांना म्हणाली. "तुमी हितं माझ्या जागी बसलाय, मंग तिकडं धारा कुणी काढायच्या? म्हशी खोळंबल्यात."

आप्पा उठले. दारातून वळून म्हणाले, "इषयपत्रिका टेबलावर हाय, चेअरमन."

आईने वेळेचाच विषय पहिला काढला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तात्या म्हणाले, "घरी इचारून सांगतो. संचालक ती हाय."

"इचारा की. मी थांबते."

सगळ्यांनी मोबाइल काढले. खोलीत कालवा झाला. कुणाला फोनवरून ऐकू येत होतं, "आत्ता इचारताय व्हय?" कुणी भिंतीकडे तोंड करून हळू बोलत होता. एकेक जण फोन खिशात घालून हात वर करत गेला. तात्यांचा फोन सगळ्यात लांबला.

"ती म्हनती, अर्ध्या तासानं भागत न्हाय. पाऊण तास करा."

आईने पाऊण तास मंजूर करून टाकला.